दिसतंय, पण नळी जात नाही: 26 मिलिमीटर तोंड उघडणाऱ्या रुग्णाची भूल

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

चवथीचा दुसरा दिवस, संध्याकाळचे साडेसात. दीड दिवसाचे गणपती पोचवून लोक घरी परतत होते. उत्तर गोव्यातल्या आमच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात त्या दिवशी निम्मा स्टाफ रजेवर होता. सत्तरी तालुक्यातले एक 58 वर्षांचे बागायतदार मुलाबरोबर आले. उजव्या जांघेत चार वर्षांपासून हर्निया होता. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढले तेव्हापासून तो दुखत होता आणि त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास बाहेर आलेला भाग आत जायचा थांबला. दिवसभर उलट्या झाल्या. पण गणपती घरात असताना घर सोडायचं नाही म्हणून घरी त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. विसर्जन झाल्यावर मुलाने पोट फुगलेलं पाहिलं.

सर्जनने तपासून पाच मिनिटांत निदान सांगितलं: आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा धोक्यात आहे, उघडावं लागेल. पोटातूनही जावं लागेल कदाचित.

भूलतज्ज्ञ म्हणून माझ्यापुढे आलं ते असं. वजन 92 किलो, उंची 164 सेंटिमीटर, आखूड मान. आठ महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. देवाची पूजा चुकली नव्हती तशी सकाळची गोळीही चुकली नव्हती. साध्या हवेत रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 94 टक्के.

मग मी म्हटलं, "तोंड उघडा बघू."

"उघडलंय की," ते म्हणाले.

माझं दीड बोट जेमतेम आत गेलं. पट्टीने मोजलं तर वरच्या-खालच्या दातांमधली फट 26 मिलिमीटर भरली. गाल आतून पांढुरके, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागणारे. जीभ दातांपुढे येत नव्हती, पडजीभ दिसत नव्हती, म्हणजे मल्लमपाटी चौथा वर्ग (तोंडातून घसा किती दिसतो याची मोजणी, चौथा सर्वांत अवघड). वरचा एक सुळा हलत होता.

हा सुपारीचा रोग, सबम्युकस फायब्रोसिस. त्यांनी आयुष्यात गुटखा तोंडात घातला नव्हता आणि हे ते अभिमानाने सांगत होते. गोव्याने 2005 मध्येच गुटख्यावर बंदी आणली, पण घरच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) सुपारीवर कोण बंदी आणणार? तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही तोंडातला मऊ थर तंतूंनी भरून घट्ट होत जातो. दहा वर्षांपूर्वी तिखट तोंडाला झोंबायला लागलं, मग आंबा चोखता येईना. त्यांना वाटलं, वयामुळे असेल.

अडचण नेमकी कुठे

भूल देताना श्वासनळीत नळी घालायला ज्या अडचणी येतात त्यांना आम्ही सरसकट 'डिफिकल्ट एअरवे' म्हणतो. सोयीचा शब्द आहे, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: साधन तोंडात जाईल का, गेलं तर स्वरयंत्र दिसेल का, आणि दिसलं तर नळी तिथवर पोचेल का. लॅरिंगोस्कोपची (स्वरयंत्र बघून नळी घालायच्या साधनांची) तुलना वाचताना किंवा कंपनीचा माणूस डेमो देताना सगळा जोर मधल्या प्रश्नावर असतो. पडद्यावर स्वरयंत्र स्वच्छ दिसलं की टाळ्या पडतात.

याचं मूळ मला जुन्या लॅरिंगोस्कोपमध्ये दिसतं. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी 1943 मध्ये आणलेलं वळणदार ब्लेड आजही प्रत्येक ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ट्रॉलीवर आहे. त्याने बघताना जीभ बाजूला सारून, डोळ्यापासून स्वरयंत्रापर्यंत सरळ रेषा काढावी लागते. नळी त्याच रेषेने जाते. त्यामुळे तिथे दिसणं आणि जाणं या जवळपास एकच गोष्टी. कॉर्मॅक आणि लेहेन यांनी 1984 मध्ये दृश्याच्या चार श्रेणी मांडल्या, त्या या सरळ रेषेच्या जगातल्या. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये डोळा ब्लेडच्या टोकाशी जाऊन बसला, म्हणजे कॅमेरा वळण पार करून पुढे गेला. नळीला मात्र ते वळण अजून पार करायचं असतं. तरी आपण पडद्याकडे बघून "ग्रेड वन", म्हणजे पूर्ण दृश्य, म्हणतो आणि निश्चिंत होतो.

या रुग्णात तिन्ही अडचणी एकदम होत्या. पोट भरलेलं असल्याने झोपवल्यावर उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती ही चौथी.

कोणते पर्याय होते

कमरेतली भूल हा पहिला विचार. पण क्लोपिडोग्रेल त्या सकाळीच घेतलेलं. मणक्यात रक्त साचून पाय कायमचे जाण्याचा धोका घ्यायचा नव्हता. शिवाय पोट उघडायची वेळ आली आणि कमरेतली भूल कमी पडली, तर मध्यरात्री उघड्या पोटाने नळी घालायला धावावं लागलं असतं. जांघेत स्थानिक भूल देऊन नुसता हर्निया करणं सर्जनला मान्य नव्हतं आणि त्याचं बरोबर होतं.

बांबोळीला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात, पाठवणं हा दुसरा पर्याय. पावसात 108 ने तासाभराचा रस्ता, मग तिथली तपासणी, ओटीची पाळी. मी तिथल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, पाठवायचं तर पाठव, आम्ही बघू. सर्जनचं म्हणणं होतं की आणखी दोन-तीन तास गेले तर आतडं कापावं लागेल. इथे निर्णय लगेच घेतला नाही, आधी आमच्याकडे काय काय आहे ते मोजलं.

जागेपणी फायबर ऑप्टिक स्कोप (आत बघायची लवचीक दुर्बीण, जिच्यावरून नळी सरकवतात) हे अशा तोंडासाठी पाठ्यपुस्तकातलं उत्तर. आमचा स्कोप लीक टेस्टमध्ये नापास होऊन दोन आठवडे दुरुस्तीला गेला होता. नाकातून नळी घालता आली असती, पण दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या नाकातून रक्त सुरू झालं की पुढचं सगळंच दिसेनासं होतं. तो मार्ग सोडला.

राहिले लॅरिंगोस्कोप. ट्रॉलीवर होते चार: साधा मॅकिंटॉश, टोक उचलता येणारा मॅकॉय, वेगळा पडदा असलेला व्हिडिओ स्कोप तीव्र वळणाच्या ब्लेडसह, आणि हँडलवरच छोटा पडदा असलेला, नळी बसवायला खाच असलेल्या चॅनेल ब्लेडचा.

आमची रेसिडेंट हुशार मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, रॅपिड सीक्वेन्स करून, म्हणजे झटपट झोपवून, एकदा मॅकिंटॉशने बघूया. रिलॅक्संट दिल्यावर तोंड थोडं उघडेल. नाही दिसलं तर व्हिडिओ आहेच."

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. दाढ दुखून किंवा गळू होऊन जबडा आखडला असेल तर तो वेदनेने आणि स्नायूंच्या ताठरपणामुळे आखडलेला असतो. स्नायू सैल पडले की बऱ्याचदा तोंड उघडतं. सुपारीच्या रोगात आखडलेला असतो तो स्नायू नव्हे, तंतूंचा पट्टा. रिलॅक्संट देऊनही 26 चे 26 च राहतात. आणि 26 मिलिमीटरमध्ये मॅकिंटॉशची जाड टाच शिरली, तर जीभ बाजूला सारायला आणि नळी फिरवायला जागा उरत नाही. मॅकॉयचं टोक एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) उचलायला छान, पण तोंड उघडायला त्याची मदत शून्य. "आधी साधा, मग व्हिडिओ" ही शिडी चढताना पहिल्याच पायरीवर रक्त आणि सूज आली, की व्हिडिओच्या कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही.

ब्रिटनमधल्या श्वासमार्गाच्या अपघातांच्या 2011 च्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली होती: जागेपणी नळी घालायला हवी होती अशा रुग्णांना झोपवलं गेलं आणि तिथे घात झाला. ते मी रेसिडेंटला सांगितलं. मग ठरलं: झोपवायचं नाही. जागेपणी, घसा सुन्न करून, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने. ईएनटी सर्जनना घरून बोलावलं (मोदकाच्या ताटावरून उठून आले बिचारे). आमचे प्रयत्न फसले तर स्थानिक भुलीत गळ्याला छेद. सर्व बाजू सांभाळता येतात हे दिसलं तेव्हाच बांबोळीचा विचार मागे ठेवला.

काय केलं

रुग्णाला आणि मुलाला समजावून सांगितलं. रुग्णाने विचारलं, "म्हणजे ऑपरेशनसुद्धा जागेपणीच करणार?" नाही, नळी बसेपर्यंतच, मग झोप. खूण ठरवली: डावा हात वर केला की आम्ही हात थांबवायचा, का आणि कशाला न विचारता. ही खूण नंतर फार कामाला आली.

रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी) पोटातलं जवळपास 900 मिली ओढून काढलं. लाळ सुकवायला ग्लायकोपायरोलेट. घसा सुन्न करायला 4 टक्के लिग्नोकेन 4 मिली नेब्युलायझरने, 10 टक्क्यांच्या स्प्रेचे दहा फवारे जिभेच्या मागे आणि टाळूवर. गळ्यातून सुई घालून श्वासनळीत औषध सोडणं टाळलं, कारण तीच गोळ्यांची भीती. हलक्या गुंगीसाठी डेक्समेडेटोमिडीन अगदी हळू. डोकं-छाती उंच करून, कान आणि छातीचं हाड एका पातळीत येईल असं बसवलं. नाकात 15 लिटर ऑक्सिजन शेवटपर्यंत चालू.

पहिलं साधन निवडलं तीव्र वळणाचं ब्लेड. कारण सरळ होतं: ते सडपातळ, तोंडात कमी जागा खातं, आणि माझ्या हाताला त्याची सर्वांत जास्त सवय. आत गेलं. पडद्यावर एपिग्लॉटिस आली, तिच्यामागे दोन्ही स्वररज्जू, जवळपास पूर्ण. ओटीत एक सुस्कारा ऐकू आला. सर्जन म्हणाला, "झालं तर मग."

झालं नव्हतं. 7 नंबरची नळी स्टायलेटवर (नळीला आकार देणारी आतली तार) वाकवून तोंडात घातली. ब्लेड आणि सुळा यांच्यामध्ये उरलेल्या फटीतून ती दाबत आत सारावी लागली, आणि तिथेच तिचं वळण सरळ झालं. अशा ब्लेडबरोबर त्याच्याच वळणाचं ताठ स्टायलेट वापरायचं असतं. ते त्या रात्री निर्जंतुकीकरणाला गेलेलं परत आलेलं नव्हतं. मी साधं, मऊ स्टायलेट हाताने वाकवून घेतलं होतं. पडद्यावर स्वररज्जू झळकत होते आणि नळीचं टोक त्यांच्या खाली, मागच्या बाजूला घुटमळत होतं. लिग्नोकेनचे 2 मिली कॅथेटरमधून स्वररज्जूंवर सोडले. पुन्हा प्रयत्न. रुग्णाला खोकला आला, सॅच्युरेशन 99 वरून 96 झालं आणि डावा हात वर गेला.

थांबले. ब्लेड बाहेर.

सगळ्या प्रकरणातला अवघड क्षण हा होता, आणि त्याचा नळीशी काही संबंध नव्हता. सर्जन म्हणाला, "दिसतंय ना स्वच्छ? मग झोपवा आता, खोकायचा थांबेल, नळी जाईल." रेसिडेंटनेही मान हलवली. खरं सांगायचं तर माझाही हात सिरिंजकडे वळत होता. पूर्ण दृश्य दिसलेलं असताना झोपवायला काय हरकत?

हरकत एवढीच की नळी अडली होती ती खोकल्याने नव्हे, तोंडाच्या फटीने. झोपवल्याने फट रुंदावणार नव्हती. बदलल्या असत्या त्या दोनच गोष्टी: श्वास बंद आणि परतीचा रस्ता बंद. मी दोन मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला, रुग्णाच्या कानाशी "भियेनाका, आणखी एकदाच" म्हटलं, आणि साधन बदललं.

चॅनेल ब्लेड. अशा ब्लेडना तोंडात शिरायला साधारण 18 मिलिमीटर फट लागते. नळी आधीच खाचेत बसलेली असते, त्यामुळे तिला वेगळी जागा लागत नाही. दोन वस्तूंऐवजी तोंडात एकच वस्तू जाते, हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. नळी 6.5 ची घेतली, आतून जेल लावून बूजी (नळीला वाट दाखवणारी लांब लवचीक काडी) आधीच भरून ठेवली. कॅमेरा मिनिटभर आधी चालू केला, नाहीतर काच धुरकट होते.

दृश्य आधीपेक्षा वाईट होतं. जीभ जाड, उचलायला जागा नाही. स्वररज्जूंचा मागचा निम्मा भाग फक्त दिसत होता. नळी पुढे सारली तर ती उजव्या ॲरिटेनॉइडला (स्वररज्जूंमागची कूर्चा) जाऊन टेकली. चॅनेल ब्लेडची ही जुनी खोड. अशा वेळी जोर लावायचा नाही. सगळं साधन अर्धा-एक सेंटिमीटर मागे घ्यायचं, किंचित डावीकडे वळवायचं आणि स्वरयंत्र पडद्याच्या मधोमध आणण्याचा हट्ट सोडायचा. तसं केलं आणि आधी बूजी पुढे सारली. ती गेली. तिच्यावरून नळी गेली. कॅप्नोग्राफवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सहा लाटा मोजल्या, म्हणजे नळी श्वासनळीतच आहे, आणि मगच झोपवायचं औषध एटोमिडेट दिलं.

पहिलं ब्लेड तोंडात गेल्यापासून इथवर 11 मिनिटं.

ऑपरेशन सुरू झाल्यावर रेसिडेंट म्हणाली, "मॅडम, आता झोपलेतच, तर मॅकिंटॉशने किती दिसतं ते बघू? नोंदीला बरं." नाही म्हटलं. हलणारा सुळा आणि कोवळा घसा असताना कुतूहलापोटी तिसरं साधन घालायचं नाही. त्यामुळे या रुग्णात मॅकिंटॉशने काय दिसलं असतं हे या नोंदीत कोरंच राहील.

निष्पत्ती

आतडं निळसर होतं, गरम पाण्याच्या गॉझमध्ये ठेवल्यावर दहा मिनिटांत गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त, पण आटोक्यात.

नळी काढायची कधी, यावर थोडी चर्चा झाली. दोनदा साधनं घातलेली, सूज किती ते माहीत नाही, आणि पुन्हा घालायची वेळ आली तर मध्यरात्री तेच सगळं. रात्रभर आयसीयूत नळी ठेवली. सकाळी नळीभोवतीचा हवेचा फुगा (कफ) रिकामा करून बाजूने हवा गळते का ते पाहिलं आणि पूर्ण जागे, बसते झाल्यावर, ईएनटी सर्जन शेजारी असताना नळी काढली. त्रास झाला नाही. हृदयाचे ठोके आणि ईसीजी स्थिर.

दुसऱ्या दिवशी गिळताना दुखतंय म्हणाले. पाहिलं तर मऊ टाळूवर उजवीकडे सेंटिमीटरभर ओरखडा. तो माझा. पहिल्या प्रयत्नात नळी तोंडात शिरत असताना माझी नजर पडद्यावर होती. ब्लेडच्या कॅमेऱ्याला टाळू दिसत नाही आणि मलाही दिसत नव्हता. आठवड्यात भरून आला.

काय वेगळं करता आलं असतं

ओरखड्यापासूनच सुरुवात करते. नजरेचा क्रम असतो: ब्लेड घालताना तोंडाकडे, मग पडद्याकडे, नळी घालताना पुन्हा तोंडाकडे, आणि नळीचं टोक पडद्यावर उगवेल तेव्हाच पडद्याकडे. मी हा क्रम शिकवते. त्या रात्री स्वरयंत्र इतकं सुंदर दिसत होतं की तिसरी पायरी विसरले. आता नळी घालताना रेसिडेंट मोठ्याने "तोंड" म्हणते. विचित्र वाटतं, पण चालतं.

दुसरं, पहिलं साधन चुकलं का? मला वाटतं, हो. मी ब्लेड किती सडपातळ आहे हे पाहिलं, ब्लेड अधिक नळी मिळून किती जागा लागेल हे पाहिलं नाही. तोंडाची फट हीच मुख्य अडचण असेल, आणि फायबर ऑप्टिक नसेल, तर चॅनेल ब्लेड आधी यायला हवं होतं. उलट, तोंड नीट उघडतंय पण स्वरयंत्र फार पुढे किंवा मान वळत नाही, अशा रुग्णात मी आजही तीव्र वळणाचं ब्लेडच आधी घेईन. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 222 अभ्यासांची बेरीज आहे. त्यात तीव्र वळणाच्या ब्लेडने नळी अजिबात न जाण्याचे प्रसंग कमी झाले, दृश्य सुधारलं, पण पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याचं प्रमाण साध्या लॅरिंगोस्कोपच्या जवळपासच राहिलं. आमच्या ओटीत त्या रात्री जे घडलं ते या तिसऱ्या ओळीतलं.

तिसरं, दृश्य मुद्दाम थोडं बिघडवायला हवं होतं. तीव्र वळणाच्या ब्लेडने स्वरयंत्र पूर्ण दिसेपर्यंत उचललं की ते पुढे आणि वर जातं, नळीचा कोन आणखी अवघड होतो. ब्लेड जरा मागे घेऊन निम्मंच स्वरयंत्र पडद्याच्या वरच्या भागात ठेवलं की नळीला वाट मिळते. पूर्ण दृश्य सोडून द्यायला हात धजत नाही, हा सवयीचा दोष. ताठ स्टायलेट नव्हतं हे खरं, पण ते नसताना त्या ब्लेडकडे जायलाच नको होतं. ब्लेड आणि स्टायलेट आता एकाच ट्रेमध्ये बांधलेले असतात, एक नसेल तर दुसरं ट्रॉलीवर ठेवतच नाहीत.

फायबर ऑप्टिक स्कोपबद्दल काय म्हणावं! तो दुरुस्तीला आहे हे मला रात्री आठ वाजता कळलं. आता ओटीच्या दारावर पांढरा बोर्ड आहे, कोणतं साधन कुठे आहे ते रोज सकाळी सिस्टर लिहिते. स्कोप असता तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने जीभ उचलून, स्कोपलाच चालता-वळता स्टायलेट करून नळी घालता आली असती. दोन्ही मिळून वापरणं हा या तोंडाला सर्वांत साजेसा मार्ग होता असं मला अजून वाटतं.

झोपवलं नाही या निर्णयाबद्दल दुमत आहे. आमच्या विभागाच्या बैठकीत एका वरिष्ठांनी विचारलं, स्वररज्जू पूर्ण दिसल्यावरही जागंच ठेवणं हा रुग्णाला विनाकारण त्रास नव्हता का? त्यांच्या हातून कदाचित तो त्रास झालाही नसता. माझं उत्तर असं की मोजायची होती ती नळीची वाट, आणि ती मला तेव्हा सापडलेली नव्हती.

रुग्णाला घरी जाताना मराठीत लिहिलेलं पत्र दिलं, पुढच्या भूलतज्ज्ञासाठी: तोंडाची फट 26 मिमी, मॅकिंटॉश वापरलेला नाही; तीव्र वळणाचं ब्लेड, साधं स्टायलेट: स्वरयंत्र पूर्ण दिसलं, नळी गेली नाही; चॅनेल ब्लेड, 6.5 नळी, बूजीवरून: निम्मं दिसलं, नळी गेली, रुग्ण जागा. दंतवैद्यांकडे पाठवलं, कारण या रोगातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. सुपारी बंद करायला सांगितलं आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवत ठेवायचा व्यायाम दिला. तीन महिन्यांनी मुलाबरोबर आले तेव्हा मी पुन्हा पट्टी लावली. 29 मिमी. पत्रावर जुना आकडा खोडून नवा लिहिला, खाली तारीख घातली.